उडी एकट्याची, नजर दुसऱ्याची

काही महिन्यांपूर्वी आमच्या कॉलनीतील एक तरुण संध्याकाळी घरी आला. प्रकृतीची तक्रार नव्हती. म्हणाला, "काका, उज्जैनला विमानातून उडी मारायची आहे. आई म्हणते, आधी डॉक्टरकाकांना विचार, मगच पैसे भर." इंदूरपासून तासाभराच्या अंतरावर, उज्जैनजवळच्या दताना धावपट्टीवर, अलीकडच्या वर्षांत मध्य प्रदेश पर्यटन मंडळाने स्कायडायव्हिंगचे महोत्सव भरवले. तेथे सुमारे दहा हजार फुटांवरून, प्रशिक्षकाच्या अंगाशी पट्ट्यांनी जखडून घेऊन, नवख्या माणसालाही उडी मारता येते. त्याची जाहिरात या मुलाने पाहिली होती.

मी त्याचा रक्तदाब पाहिला. पाठीचे, मानेचे काही दुखणे आहे का, खांदा कधी निखळला होता का, चक्कर किंवा फेफरे कधी आले होते का, हे विचारले. सर्दी असेल तर त्या दिवशी जाऊ नकोस, असे बजावले. कारण काही मिनिटांत दहा हजार फूट खाली येताना बंद झालेला कान फार छळतो. सगळे ठीक होते. निघताना त्याने दारात थांबून विचारले, "काका, खरं सांगा, जिवाला धोका किती?"

या प्रश्नाचे उत्तर दोन वाक्यांत देता आले असते. परंतु २०१९ च्या उन्हाळ्यात दक्षिण कॅलिफोर्नियातील एका उडीच्या मैदानावर मी जे तीन दिवस काढले, ते आठवले आणि मी त्याला पुन्हा आत बसवून घेतले. त्याला जे सांगितले, तेच थोडे विस्ताराने आपल्या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहे. विषय आकाशाचा असला तरी तो आपल्या शस्त्रक्रियागृहापर्यंत येऊन पोहोचतो.

मैदानावरची शाळा

माझा भाचा तिकडे अभियंता आहे. आठवडाभर संगणकापुढे बसायचे आणि शनिवार-रविवारी विमानातून उड्या मारायच्या, हा त्याचा छंद. बहिणीने मला बजावून पाठवले होते, "तू डॉक्टर आहेस, त्याला चार शब्द सांग." चार शब्द सांगायला गेलेला मी चार गोष्टी शिकून परतलो.

माझ्या कल्पनेत हा बेफिकीर लोकांचा मेळा होता. प्रत्यक्षात ती एक शाळा निघाली. एका बाजूला मोठी मांडवासारखी शेड, जमिनीवर सतरंज्या, आणि त्यांवर गुडघे टेकून आपापल्या छत्र्यांच्या घड्या घालणारी माणसे. कोणी सुतार, कोणी शिक्षिका, कोणी निवृत्त पोलीस. मैदानाच्या टोकाला वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी फडफडत असे आणि बोलता बोलता प्रत्येकाची नजर दर दोन मिनिटांनी तिच्याकडे जाई.

उडी शिकण्याची तेथील रूढ पद्धत १९८१ च्या सुमारास सुरू झाली. आधी जमिनीवर पाच-सहा तासांचा पाठ. शरीराची कमान कशी करायची, मनगटावरचा उंचीमापक केव्हा पाहायचा, प्रशिक्षकाच्या हातांच्या खुणांचा अर्थ काय. वर गेल्यावर वाऱ्याच्या आवाजात बोललेले ऐकू येत नाही, म्हणून सारे खुणांवर. मग छताला टांगलेल्या पट्ट्यांत विद्यार्थ्याला लोंबकळत ठेवतात आणि वर छत्रीची चित्रे दाखवतात: ही नीट उघडली आहे, हिच्या दोऱ्यांना पीळ पडला आहे, ही अर्धवट आहे. प्रत्येक चित्राला त्याने क्षणात उत्तर द्यायचे. बिघडलेली मुख्य छत्री सोडून द्यायची मूठ उजवीकडे, राखीव छत्रीची डावीकडे. आधी पाहायचे, मग पकडायचे, मग ओढायचे. हा क्रम एकेका विद्यार्थ्याकडून इतक्या वेळा करून घेतात की मला आमच्याकडील हृदय-पुनरुज्जीवनाचे वर्ग आठवले.

पहिल्या उडीत दोन प्रशिक्षक विद्यार्थ्याला दोन्ही बाजूंनी धरून विमानाबाहेर पडतात. तेरा हजार फुटांवरून निघालेला माणूस दहा-बारा सेकंदांत ताशी सुमारे १९० किलोमीटरचा वेग गाठतो आणि पुढे तो वेग स्थिर राहतो. मुक्त पतनाचे एकूण मिनिटभर. विद्यार्थ्याने साधारण साडेपाच हजार फुटांवर छत्री उघडायची. ती नीट उघडली नसेल तर अडीच हजार फुटांच्या आत निर्णय घ्यायचा: हिच्यावर उतरायचे, की हिला सोडून राखीव उघडायची. त्या उंचीच्या खाली विचार करीत बसायचे नाही. पतनाच्या वेगाने तेथून जमीन अवघ्या चौदा सेकंदांवर असते. स्वतंत्रपणे उडी मारण्याचा पहिला परवाना मिळण्यासाठी किमान २५ उड्या लागतात.

आपल्याकडे हा छंद अजून फार थोड्यांचा आहे. भारतीय हवाई दलाची 'आकाशगंगा' ही प्रात्यक्षिके करणारी तुकडी १९८७ पासूनची. नागरिकांपैकी पुण्याच्या शीतल महाजन यांचे नाव मराठी घरांत सर्वज्ञात आहे. १८ एप्रिल २००४ रोजी त्यांनी उत्तर ध्रुवावर पहिली उडी घेतली, २००६ मध्ये अंटार्क्टिकावर. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये थायलंडमध्ये त्या नऊवारी नेसून विमानातून उतरल्या आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये एव्हरेस्टसमोर २१,५०० फुटांवरून. त्यांच्या धाडसाची वर्णने आपण कौतुकाने वाचतो. धाडसामागची शिस्त मात्र वर्तमानपत्रांतून फारशी येत नाही.

साधने सुधारली, माणूस तोच

२२ ऑक्टोबर १७९७ रोजी पॅरिसमध्ये आंद्रे-जॅक गार्नरॅं हा फुग्यातून छत्रीने उतरला, तेव्हा त्याची छत्री लंबकासारखी हेलकावत होती, कारण तिच्या माथ्याला हवा निघून जाण्यास भोक नव्हते. १९१९ मध्ये अमेरिकेत लेस्ली अर्विन याने विमानातून उडी घेऊन हवेत स्वतःच्या हाताने छत्री उघडून दाखवली. उतरताना घोटा मोडला, पण पडणारा माणूस शुद्धीवर राहतो व हात चालवू शकतो, हे सिद्ध झाले. पुढे डोमिना जॅल्बर्ट याने १९६० च्या दशकात विमानाच्या पंखासारखी, हवा भरून फुगणारी आयताकृती छत्री काढली, तेव्हापासून उतरणाऱ्याला छत्री हाकता येऊ लागली. १९७० च्या दशकात बिल बूथ याने तीन कड्यांची एक साधी योजना केली, जिच्यामुळे बिघडलेली मुख्य छत्री एका झटक्यात सुटते.

या साऱ्यावर कळस म्हणजे जर्मनीच्या हेल्मुट क्लोथ याचे 'सायप्रेस' हे उपकरण. उडी मारताना मित्र गमावल्यावर त्याने ते बनवायला घेतले व १९९१ मध्ये ते बाजारात आले. हवेच्या दाबावरून ते उंची आणि वेग मोजत राहते. जमिनीपासून सुमारे २२५ मीटरवर आल्यावरही माणूस सेकंदाला ३५ मीटरहून अधिक वेगाने पडत असेल, तर तो बेशुद्ध आहे किंवा भान हरपला आहे, असे समजून उपकरणातील लहानशी कात्री राखीव छत्रीचा बंद कापते. आमच्या गुंगीच्या यंत्रावरील प्राणवायूच्या इशाऱ्याचाच हा भाऊ म्हणावा. फरक इतकाच की हा इशारा देऊन थांबत नाही, स्वतः काम करतो.

परिणाम आकड्यांत दिसतो. १९७० च्या दशकात अमेरिकेत या छंदापायी दरवर्षी सरासरी चाळीसहून अधिक माणसे मरत. २०२४ मध्ये तेथे सुमारे ३८ लाख ८० हजार उड्या झाल्या आणि ९ मृत्यू झाले. म्हणजे चार लाखांहून अधिक उड्यांमागे एक.

येथे आपल्या व्यवसायबंधूंना 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधला तो विनोदी शोधनिबंध आठवेल. विमानातून उडी मारताना पॅराशूटचा उपयोग होतो, याला यादृच्छिक चाचणीचा कोणताही पुरावा नाही, असे २००३ मध्ये दोन लेखकांनी गंभीर चेहऱ्याने लिहिले होते. २०१८ मध्ये त्याच नियतकालिकात खरोखरीची चाचणी प्रसिद्ध झाली. २३ जणांनी विमानातून उड्या मारल्या, काहींनी पॅराशूट घालून, काहींनी रिकामी पिशवी घालून. दोन्ही गटांत इजा शून्य. निबंध पुढे वाचल्यावर कळते की विमान जमिनीवर उभे होते आणि उडीची सरासरी उंची होती ०.६ मीटर! हसून झाल्यावर उरतो तो बोध असा, की आकड्यामागे कोण माणसे आहेत ते पाहिल्यावाचून आकडा बोलत नाही.

मग त्या नऊ जणांसारखे कोण असतात? अननुभवी विद्यार्थी त्यांत थोडे. अलीकडच्या दशकांत मृत्यूंचा मोठा वाटा अनुभवी उडीबाजांचा आहे, आणि त्यांतील कित्येकांची छत्री पूर्णपणे नीट उघडलेली असते. जलद, लहान छत्री घ्यायची आणि जमिनीजवळ झोकात वळण घ्यायचे, हा त्यांचा मोह. छत्री तीव्र वळली की ती नाक खाली करून सुसाट उंची गमावते. अंदाज थोडा चुकला तर वळण पूर्ण व्हायच्या आत जमीन येते. घोटा, नडगी, मांडी, कटिभाग आणि कण्याचे मणके या क्रमाने काय काय होते, हे अस्थितज्ज्ञांना सांगायला नको. ज्या बूथने तीन कडी दिली, त्याच्याच नावाने या मैदानांवर एक नियम सांगतात. त्याचा आशय असा की साधने जितकी सुरक्षित होत जातील, तितके उडी मारणारे अधिक धोके पत्करतील आणि मृत्यूंचे प्रमाण तेथेच राहील. आकडे तितके निराश करणारे नाहीत, परंतु माणसाचा स्वभाव त्याने अचूक ओळखला आहे.

एका पट्ट्याची गोष्ट

माझ्या मुक्कामाच्या दुसऱ्या दिवशी सकाळची ही हकीकत. विमानाकडे जाण्यासाठी रांग लागली होती. प्रत्येक उडीपूर्वी तीन वेळा तपासणी करण्याची तेथील रीत: साज अंगावर चढवण्यापूर्वी, विमानात बसण्यापूर्वी, आणि दार उघडण्यापूर्वी. पाठीवरच्या खिळ्या व दोऱ्या स्वतःला दिसत नाहीत, म्हणून त्या दुसऱ्याकडून पाहून घ्यायच्या. रांगेत एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ होते, हजारो उड्यांचे धनी. त्यांच्याकडून शिकलेले प्रशिक्षकच त्या मैदानावर तीन-चार होते. त्यांच्यामागे वीस-बावीस वर्षांची एक मुलगी, जिच्या जेमतेम तीस उड्या झाल्या होत्या. तिने त्यांच्या खांद्याला हात लावला आणि छातीच्या पट्ट्याकडे बोट दाखवले.

पट्टा बकलातून चुकीचा ओवला गेला होता. वरवर पाहता बंद दिसत होता, पण ताण पडताच सरकून सुटला असता, आणि छत्री उघडतानाच्या झटक्याला माणूस साजातून निसटू शकला असता. ते गृहस्थ रांगेतून बाजूला झाले. पट्टा सोडला, पुन्हा ओवला आणि तिच्यापुढे उभे राहून म्हणाले, "आता पुन्हा बघ." तिने पाहिले, मान डोलावली. मगच दोघे विमानात चढले.

मी भाच्याला विचारले, "त्यांना राग नाही आला?"

"राग कशाचा, मामा? तिने बघूनही सांगितलं नसतं, तर मात्र सगळे तिच्यावर रागावले असते."

संध्याकाळी त्या गृहस्थांनी सर्वांसाठी बीअरचा एक खोका आणून ठेवला. आयुष्यात काहीही प्रथमच घडले की सोबत्यांना बीअर द्यायची, हा या मंडळींचा जुना रिवाज: पहिली उडी, पहिला परवाना, राखीव छत्रीचा पहिला वापर. खोका ठेवताना ते मोठ्याने म्हणाले, "विद्यार्थिनीने माझा पट्टा पकडण्याची ही पहिली वेळ." सगळे हसले. मग एकाने आपली तशीच एक चूक सांगितली, दुसऱ्याने आणखी एक. तासभर ते चुकांचेच बोलत होते, आणि नवीन मुले कान देऊन ऐकत होती.

याच गप्पांत १९८८ सालची एक घटना निघाली. नॉर्थ कॅरोलिनामध्ये आठशेहून अधिक उड्या केलेला एक अनुभवी गडी इतरांचे चित्रीकरण करण्यासाठी विमानातून बाहेर पडला. त्याच्याच कॅमेऱ्यात सारे नोंदले गेले. छत्री उघडण्यासाठी त्याने हात नेला, आणि तेव्हा त्याला उमगले की पाठीवर छत्रीच नाही. चित्रीकरणाच्या सामानाचे ओझे पाठीवर होते. तेच छत्रीचे भासले असावे, असा तर्क केला गेला. विमानात माणसे होती, वैमानिक होता. कोणाच्याच ते ध्यानात आले नाही. इतका अनुभवी माणूस, त्याचे काय तपासायचे?

आमच्या शस्त्रक्रियागृहात

त्या रात्री मला झोप आली नाही. पंचवीस वर्षांपूर्वीची एक रात्र डोळ्यांपुढे उभी राहिली. ती मी आजवर कोठे सांगितलेली नाही.

१९९४ सालची गोष्ट. आतड्याला पीळ पडलेला एक रुग्ण मध्यरात्री शस्त्रक्रियेसाठी आला. पोट फुगलेले, भरलेले. मी भूलतज्ज्ञ म्हणून तेव्हा दहा वर्षांचा झालो होतो, हात बसला होता, आणि घाई होती. नव्यानेच लागलेली एक सिस्टर हळूच म्हणाली, "सर, सक्शनचा आवाज आज नेहमीसारखा येत नाही." मी तिच्याकडे न पाहताच म्हणालो, "असू दे, नंतर बघू." भूल देताना रुग्णाला उलटी झाली. मी सक्शनची नळी तोंडात घातली. ती ओढतच नव्हती. बाटलीचे झाकण नीट बसले नव्हते. दुरुस्त करायला अर्धा मिनिट गेला असेल. तेवढ्यात पोटातले पाणी फुप्फुसांत गेले. रुग्ण नऊ दिवस कृत्रिम श्वासावर होता. तो वाचला, ही त्याची पुण्याई.

नातेवाइकांना आम्ही सांगितले, "आजारच गंभीर होता." ते असत्य नव्हते, पण पूर्ण सत्यही नव्हते. आम्हा सहकाऱ्यांत त्या प्रसंगाची चर्चा झाली नाही. ती सिस्टर त्याविषयी पुन्हा कधी बोलली नाही, आणि त्यानंतर मला काही सुचवण्याचे धाडसही तिने कधी केले नाही. बाटलीचे झाकण अर्ध्या मिनिटात बसले. तिचे तोंड मात्र मी कायमचे बंद केले. माझी मोठी चूक कोणती, हे मला त्या मैदानावर, एका परक्या मुलीचे बोट एका पट्ट्याकडे वळलेले पाहून कळले.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेची तपासयादी प्रसृत केली. दिल्लीसह जगातील आठ शहरांतील आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली गेली. २००९ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंतीचे ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले. त्या यादीतील एक कलम असे आहे की शस्त्रक्रियेपूर्वी सर्वांनी आपले नाव व काम सांगावे. आपल्याकडे अनेकांना तो बालिशपणा वाटतो. परंतु ज्याने एकदा आपले नाव उच्चारले, तो पुढे धोक्याची सूचना द्यायलाही तोंड उघडतो. खुणा करून फाईलला लावलेली यादी म्हणजे वरवर बंद दिसणारा तो पट्टाच होय.

निळ्या आकाशाचे सोबती

या मंडळींच्या मैत्रीविषयी दोन शब्द. विमानात दार उघडण्यापूर्वी प्रत्येक जण प्रत्येकाच्या हाताला हात लावतो. ओळख असो वा नसो. निरोप घेताना ते एकमेकांना निळे आकाश चिंतितात. कोणी गेला तर त्याची रक्षा घेऊन सोबती उडी मारतात आणि मुक्त पतनात ती सोडून देतात. अपघात झाला की त्याची हकीकत, मृताचे नाव न देता, काय घडले व काय करता आले असते यासह त्यांच्या संघटनेच्या मासिकात छापली जाते आणि देशभरचे उडीबाज ती वाचतात. २२ एप्रिल १९९२ रोजी कॅलिफोर्नियातील पेरिस व्हॅली येथे उडीबाजांना नेणारे विमान उड्डाण करताच कोसळून १६ जण मृत्युमुखी पडले; त्यानंतर विमानात कमरेचे पट्टे बांधण्याचा आग्रह सर्वत्र वाढला. ज्याच्या मृत्यूतून दुसरा काही शिकला, तो वाया गेला नाही, अशी त्यांची भावना असते.

तिसऱ्या दिवशी माझीही उडी ठरली होती, प्रशिक्षकासोबतची. दुपारी वारा वाढला. मर्यादेच्या आतच होता, असे भाचा म्हणाला. पण झुळका अनियमित होत्या. त्याने स्वतःचे नाव यादीतून काढून घेतले. कोणी त्याची चेष्टा केली नाही, कोणी कारण विचारले नाही. थोड्या वेळाने मैदानच बंद झाले. आम्ही शेडमध्ये बसून त्या कापडी नळीकडे पाहत राहिलो. माझी उडी राहिली ती राहिलीच. बहिणीला मात्र मी फोनवर सांगितले, "तुझा मुलगा नाही म्हणायला शिकला आहे. काळजी कमी कर."

आता त्या तरुणाकडे येतो. मी त्याला म्हटले, "जा. पण तेथे तीन गोष्टी बघ. राखीव छत्री शेवटची कोणी आणि केव्हा भरली, हे विचारल्यावर सरळ उत्तर मिळते का? वारा वाढल्यावर ते पैसे परत देऊन थांबतात का? आणि तुझ्या प्रशिक्षकाचा साज दुसरे कोणी तपासते का? तिन्हींचे उत्तर होय असेल, तर निर्धास्त उडी मार. एकाचे जरी नाही असेल, तर घरी ये, आपण पोहे खाऊ."

तो गेला, उडी मारून आला, आणि पेढे घेऊन आला. त्याने सांगितलेली एक गोष्ट मला पेढ्याहून गोड लागली. विमानात बसण्यापूर्वी त्याच्या प्रशिक्षकाने दुसऱ्याकडे पाठ करून म्हटले होते, "जरा देख लेना."

मी अजून आठवड्यातून तीन दिवस भूल देतो. भूल देण्यापूर्वी खोलीतल्या सर्वांत नव्या माणसाला विचारतो, "माझं काही राहिलं आहे का, बघ बरं." पहिले काही दिवस मुली संकोचाने हसत. गेल्या महिन्यात एकीने सांगितले, "सर, सक्शन सुरू करून पाहिलं नाहीत." मी पाहिले. ते चालू होते. तरीही मी तिचे आभार मानले, आणि त्या संध्याकाळी सर्वांना कचोरी खिलवली.